शेवटचा सांधा

पृथ्वी गोल आहे याचा मनापासून राग आलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे मोठे साडू. रेल्वेत गँगमन म्हणून उभा जन्म काढून ते अनसिंगला परतले आणि वांग्याच्या वाडीत खेळण्यातल्या गाडीसाठी वीतभर रुंदीचा रूळ टाकायला बसले. खिशात पेनाच्या जागी सपाटी तपासायची पाणसळ. पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलाखाली पत्रावळीची घडी सारून ते समतल होईपर्यंत गृहस्थ घास घेईनात. सारी पंगत ताटकळली. रुळाखालची बारीक गिट्टी चाळलेली, आणि चाळणी घरातली, गव्हाची. एकदा मी रूळ जरा दाबून वळवायला गेलो, तर ओरडले, "जबरदस्ती करू नका त्याच्यावर! त्याले वळावं वाटलं पायजे." प्रत्येक सांध्यात लग्नपत्रिकेच्या जाडीची फट. "लोखंडालेबी दम घ्याले जागा लागते. उनात फुगून ते जाईन कुठी?"

पुढे त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, अर्धांगवायू झाला. पाठोपाठ नजरही गेली. घोटभर पाण्यासाठी हाका मारायची ताईला फार लाज वाटे. म्हणून साडूंनी रूळ स्वयंपाकघराच्या दारापासून कडुलिंबाखालच्या तिच्या बाजेपर्यंत नेला. ते आतून गाडी सोडायचे, काठोकाठ भरलेला गिलास तिच्या चांगल्या हाताशी येऊन थांबायचा. फक्त बाजेजवळच्या शेवटच्या सांध्यावर एक थेंब सांडे. तेवढा त्यांना खपेना. जन्मभर फटी सांभाळलेल्या या माणसाने एका पहाटे तेवढी एक फट बुजवून टाकली. दुपारी वैशाखाच्या उन्हात रूळ उचलला गेला, गाडी उलटली. साडू आत भाकरी थापत होते. गिलास पोचला असंच धरून चालले. ताई तासभर तहानलेली पडून राहिली, पण हाक मारली नाही.

मी गेलो तेव्हा साडू वाकडा रूळ मांडीवर घेऊन रडत होते. ताई अडखळत म्हणाली, "फट राहू द्या अवो. तिथं खट् वाजलं का मले समजते, गाडी आली. थेंब सांडला त सांडू द्या."

फट पुन्हा ठेवली. श्रावणात ताई गेली.

परवा गेलो होतो. बाज उचललेली आहे, रूळ तसाच आहे. साडूंनी गिलास भरून गाडी सोडली. कडुलिंबाखाली खट् वाजलं, थेंब सांडला. एरवी तो दुपट्ट्याने पुसायला धावले असते आणि जाता जाता माझा उद्धार केला असता. या वेळी बसूनच राहिले.

"आली गाडी," एवढंच म्हणाले.

मला राहवेना. मी जाऊन गिलास उचलून आणला. एक थेंब सोडला, तर भरलेलाच होता.