इंगळ्यांचा उलटा ळ

श्री. देवमन श्रावण इंगळे. जन्म सन १९२८, मृत्यू सन १९९१, दोन्ही अकोल्यास. व्यवसाय सरकारी टंकलेखन. या आडनावाचे शेवटचे अक्षर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे प्रकरण त्या एका अक्षरापायी घडले.

वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात होता तेव्हा कार्यालयांतून हिंदी टायपरायटर आले. पुढे महाराष्ट्र झाला, कारभार मराठीत आला. मशीन मात्र तेच राहिले, आणि हिंदी मशीनला ळ नव्हता. बोलताना वऱ्हाडी माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. तो शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया म्हणतो. खुद्द इंगळ्यांना सारे कार्यालय ‘इंगयेबाबू’ म्हणूनच हाक मारी. पण सरकारी कागदावर य कसा चालावा? म्हणून टंकलेखक ळच्या जागी ल ठोकून मोकळे होत, आणि ‘विहिरीतील गाल काढण्यास’ रीतसर मंजुरी मिळे.

अशा अडचणींवरचे उपाय अकोला आणि अमरावतीचे टंकलेखक रविवारी बडनेरा स्टेशनावर एकमेकांना सांगत. दोन्हीकडच्या गाड्या तेथे मिळत, म्हणून ही जागा. उपायाला ते ‘तोड’ म्हणत. सुकलेल्या रिबिनीला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्यावा, ही एक तोड. क्षच्या पोटात साचलेली शाई रॉकेल लावून टाचणीने कोरावी, ही दुसरी. तोड लपवून ठेवणारा माणूस तेथे चहाला बसवून घेतला जात नसे.

सन १९६१ मध्ये इंगळ्यांच्या कार्यालयात पुण्याहून परचुरे नावाचे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी विहिरीतील गाल वाचले आणि हेडक्लार्क किसनराव यांना बोलावून बजावले, “मला ळ हवा. हंगामी टंकलेखकाने एक पान शुद्ध मराठीत काढून दाखवावे. ळ जमला, तरच त्याला कायम करण्याची शिफारस करीन.”

हंगामी टंकलेखक म्हणजे इंगळे. ‘कायम’ या शब्दासाठी त्यांचा जीव किती तळमळत होता, हे त्यांच्या पत्नी इंदूबाईच जाणत. त्या म्हणत, “अवो, शेजारपाजारच्या बाया रोज पुसतात, मालक कायम झाले काय? मी म्हणतो, माह्यासाठी तर कायमच हायेत, सरकारचं सरकारले माहीत!”

त्या रविवारी इंगळे बडनेऱ्याला गेले आणि अमरावतीच्या नत्थुजी ढोले यांच्या समोरच्या बाकावर बसले. नत्थुजी वरच्या कार्यालयात टंकलेखक होते.

“नत्थुजी, ळ पाह्यजे.”

“काहून गा, आडनावातला सांडला काय?”

“थट्टा नोको करू. नौकरीचा सवाल हाय.”

“मंग आयक. हिंदी मशीनवर सारं पान काढ, ळची जागा कोरी सोड. मंग तेच पान इंगरेजी मशीनमंदी आडवं घाल अन् कोऱ्या जागेवर आधी डॅश मार, मंग इंगरेजी आठ. पान सरळ केलं का आठ आडवा होते, डॅश त्याच्या डोक्यावर उभा राह्यते. झाला ळ!”

“वा रे पठ्ठ्या! पन पानाचं डोकं कोनीकडे ठेवू?”

“इकडे,” नत्थुजी म्हणाले, आणि हातातली जाहिरात आडवी धरून तिचा माथा त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे केला. समोर बसलेल्या इंगळ्यांना तो आपल्या उजव्या हाताकडे दिसला. एवढ्यात गाडीची घंटा झाली.

तोड आधी करून पाहावी असे इंगळ्यांच्या मनात होते. पण इंग्रजी मशीन किसनरावांच्या कुलपात असे, आणि ते परीक्षेच्या दिवशीच उघडले. इंगळ्यांनी पान सुरेख काढले, कोऱ्या जागा सोडल्या, पानाचे डोके उजवीकडे ठेवून डॅश आणि आठ, डॅश आणि आठ असे शेवटपर्यंत मारत गेले. पान बाहेर काढून सरळ धरले, तेव्हा प्रत्येक ळ डोके खाली आणि पाय वर करून उभा होता. पुन्हा काढायला सवड नव्हती; साहेब दारात उभे होते.

साहेबांनी चष्मा पुसला. “इंगळे, ही शाळा शीर्षासन का करते आहे?”

“साहेब, तोड बराबर हाय. बाक समोरासमोर होते.”

साहेबांना यातले काही उमगले नाही. शेवटी टंकलेखकाचे नाव होते, तेथे त्यांची नजर थांबली. “आणि तुम्ही स्वतःसुद्धा उलटेच!” ते हसले, पण शिफारस लिहिताना नियम सोडणारा तो माणूस नव्हता. त्यांनी शेरा दिला: ‘श्री. इंगळे यांस कायम करण्यास हरकत नाही. मात्र त्यांचा ळ सरळ झाल्यानंतर.’

कागद अमरावतीस वरच्या कार्यालयात गेला. तो नत्थुजींच्या टेबलावर आलाच नाही, आणि शेऱ्यातला ‘ळ’ म्हणजे काय, हे तेथल्या साहेबलोकांपैकी कोणालाच कळेना. ती चालचलणुकीविषयी काही गुप्त खूण असावी, असा तर्क निघाला आणि विचारणा आली: ‘श्री. इंगळे यांचा ळ नेमका केव्हापासून वाकडा आहे, याचा खुलासा व्हावा.’

किसनराव घाबरले. “इंगयेबाबू, खरं सांगा, बाहेर काही भानगड तर नाही?”

“अजी, भानगड अक्षराची हाय!” असे म्हणून इंगळ्यांनी एक पान घेतले, त्याचे डोके डावीकडे ठेवून इंग्रजी मशीनवर ओळीच्या ओळी मारल्या आणि सरळ करून किसनरावांपुढे धरले. सगळे ळ पायांवर उभे होते. ‘ळ सरळ झाला असून नमुना सोबत जोडला आहे,’ असे उत्तर गेले.

तो नमुना अमरावतीत पहिल्यांदा नत्थुजींच्याच टेबलावर आला. त्यांनी कपाळावर हात मारला, साहेबांच्या खोलीत जाऊन डॅश, आठ आणि बाक यांची हकीकत सांगितली, आणि इंगळ्यांच्या कायमपणाचा हुकूम स्वतःच्याच हाताने टंकून काढला. त्यात ‘इंगळे’ हे नाव निर्दोष होते.

पुढच्या रविवारी बडनेऱ्याला ठरले की, तोड सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने एकाच बाकावर शेजारी बसावे. हा नियम कोणी मोडला नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ळ सरळ होईपर्यंतच्या अवधीत दुसऱ्या कार्यालयातले, मागून नोकरीला लागलेले टंकलेखक सहदेव नागे आधी कायम झाले आणि ज्येष्ठतेत इंगळ्यांच्या वर बसले. इंगळ्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. प्रत्येकाला एकच उत्तर आले: हुकूम ज्या तारखेचा, ज्येष्ठता त्या तारखेपासून. सन १९८६ मध्ये इंगळे निवृत्त झाले, तेव्हाही यादीत नागे वर होते आणि इंगळे खाली.