आई घरी असली की ॲम्प गप्प

या ग्रुपवरचे अनुभव आजवर मी फक्त चुका काढायला वाचत आले. मी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दिवा आपोआप लागला म्हटलं की मला लूज कॉन्टॅक्ट आठवतो, भूत नाही. आजही माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण जे झालं ते मला समजलेलं नाही... आणि त्यानंतर लोक जसे वागले त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

वाघोलीत आमची चार मजल्यांची इमारत आहे. सर्वांत वरच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई राहतो, दोन वर्षं झाली. मला इलेक्ट्रिक गिटारचा नाद आहे. कॉलेजातून आले की थोडा वेळ वाजवते. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत ऐकते. त्या दोन वर्षांत गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प एकदाही कुरकुरला नाही.

दिवाळीनंतर वहिनीचं ऑपरेशन झालं म्हणून आई कात्रजला भावाकडे राहायला गेली. त्याच संध्याकाळी ॲम्प चालू केला आणि — गूंऽऽऽ! तारांवर हात ठेवला की आवाज कमी, हात काढला की पुन्हा सुरू. हे अर्थिंग नसल्याचं लक्षण, हे मला माहीत आहे. पण कालपर्यंत होतं ते आज कुठे जाईल? म्हणून आधी बाकीचं सगळं तपासलं. फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, वायफाय, एकेक करून बंद केलं. बुधवार पेठेतून चांगली शिल्डेड केबल आणली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, केबल बदलून काही होणार नाही. घर बदला." पुण्यात वस्तूबरोबर सल्ला फुकट मिळतो.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी बोरकर यांच्याकडे गेले.

"अर्थिंग नाही असं कसं होईल? बिल्डिंगचा कंप्लीशनचा दाखला आहे आपल्याकडे."

"दाखल्याला वायर जोडू का मी?"

"अहो, तुमचा तो भोंगा बिघडला असेल," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी आई परत आली. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, ओट्यापाशी गेली... आणि आतल्या खोलीत चालू असलेला ॲम्प गप्प झाला. मी म्हटलं, योगायोग. दुपारी आई खाली कोथिंबीर आणायला गेली — गूंऽऽऽ. वर आली — शांत. मी तिला काहीच न सांगता पुन्हा खाली पाठवलं, लिंबं आणायला. मग मिरच्या. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "एकदाच काय ते सांग ना. मी काय डिलिव्हरी बॉय आहे?"

ती कुरकुरत मिरच्यांना गेली, तसा मी टेस्ट लॅम्प घेतला. साधा शंभर वॉटचा बल्ब, दोन वायरी. एक फेजला, दुसरी सॉकेटच्या अर्थला. अर्थिंग नीट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो. आई खाली होती तोवर तो मेलेला होता. ती मिरच्या घेऊन घरात आली आणि तो पेटला. पूर्ण पेटला.

मी आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात स्वयंपाकघरात लक्ष गेलं. आई स्टुलावर बसून तळपाय जोरजोरात चोळत होती.

"काय झालं?"

"काही नाही गं, मुंग्या. आज जरा जास्तच आल्यात."

"आज जास्त म्हणजे?"

"रोजच येतात की. या घरात आल्यापासून. कात्रजला नव्हत्या... तिकडची हवा चांगली आहे."

मी धावत जाऊन वायर उपटली. आईने पाय चोळायचं थांबवलं. "गेल्या बघ," ती म्हणाली. मी मेन स्विचही बंद केला.

दुसऱ्या दिवशी बोरकरांना अक्षरशः ओढत पार्किंगच्या मागे नेलं. तिथे सिमेंटची चौकोनी टाकी आहे, झाकणावर हिरव्या रंगात 'अर्थ पिट' लिहिलेलं. झाकण उचललं. आत वाळू होती, आणि वाळूवर वरून आलेली वायर वेटोळं करून ठेवलेली. तिचं टोक मोकळं होतं. खाली ना पट्टी, ना पाईप. जमिनीशी संबंधच नाही! म्हणजे इमारतीला पहिल्या दिवसापासून अर्थिंग नव्हतं. बिल्डरने झाकण तेवढं रंगवलं होतं.

सोसायटीची मीटिंग झाली. मी सगळं सांगितलं, आईचंही. सांगायला नको होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काळेबाई एकदम म्हणाल्या, "अय्या, आजी कात्रजला होत्या तेव्हाच आमचं वॉशिंग मशिन शॉक मारत होतं!" सगळे आईकडे बघायला लागले. आणि बोरकर, अगदी शांतपणे — "मग ताई, आजी घरात असल्या की सगळं ठीक असतं, असं तुम्हीच म्हणताय. एवढी घाई कशाला? पुढच्या वर्षी करू."

आई उठली. "बरोबर आहे. खाली पार्किंगमध्ये जनरेटरशेजारी माझी खुर्ची टाका. वर पत्रा घाला. आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करत जा म्हणजे झालं."

कुणी हसलं नाही. त्याच महिन्यात खड्डा खणला गेला, जमिनीत खरा इलेक्ट्रोड बसला. आता आई घरात असो, कात्रजला असो, ॲम्प गप्प असतो. आईच्या मुंग्या ज्या दिवशी काम झालं त्याच दिवशी थांबल्या.

हे कसं झालं, मला माहीत नाही. आई कोरड्या फरशीवर, घरातल्या वेगळ्या रबरी चपला घालून वावरते, वायरीला हातही लावत नाही. तो बल्ब पेटवण्याएवढा करंट माणसाच्या अंगातून गेला तर माणूस उरत नाही, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले तुझं रीडिंग चुकलं असेल. चुकलं असेल. मग मुंग्या कसल्या होत्या? इमारतीतल्या बायका म्हणतात, पुण्यवान बाई आहेत. दोन वर्षं त्या बाईच्या तळपायांतून काय गेलं, हे मात्र एकीनेही विचारलेलं नाही.

परवा काळेबाई दारात आल्या. गावाकडच्या घरी पाण्याची मोटार शॉक मारते म्हणे. आजींना चार दिवस पाठवाल का?

मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. कॉलेजात वर्ग चालू असताना लावतात तसं हळूच नाही... चौकट हलेल असं.