पालथा हात

जेवणं झाली की बालवाडीतली मुलं सतरंजीवर आडवी व्हायची आणि बाई ओळीतून फिरायच्या. वाकून प्रत्येकाच्या नाकाशी उजवा हात पालथा धरायच्या, क्षणभर थांबायच्या, "चाललंय," म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. कसबा बावड्यातल्या आमच्या शाळेला लागूनच ही बालवाडी होती. तुम्ही पाहिलं असतंत, तर माझ्यासारखंच हसला असतात.

"बाई, श्वासांची हजेरी घेताय काय?" मी एकदा खिडकीतून विचारलं.

"व्हय. तुम्ही जाग्या पोरांची घेताय, मी निजल्याल्यांची."

एखाद्या मुलापाशी हात जास्त वेळ थांबायचा आणि 'चाललंय' यायचं नाही. त्या मुलाची आई न्यायला आली की बाई तिला दारातच गाठायच्या. "रोज घोरतंय का? मधीच गप हुतंय का?" आया हसायच्या. आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, अंगी लागलेलं जेवण. तालमींच्या या गावात तर ते कौतुकाचंच.

"पैलवान हुणार हाय त्यो," एकीनं ठणकावलं.

"हू दे की," बाई म्हणाल्या, "पर पैलवानाला बी दम लागतोयच की."

मी तेव्हा चौथीला शिकवत होतो आणि माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. वाचनाच्या तासाला तिची मान पुस्तकावर पडायची. पुस्तकांवर जीव असलेल्या मला तो स्वतःचा अपमान वाटायचा. मी तिला उभं राहून वाचायला लावायचो. एके दिवशी ती उभ्यानंच पेंगली, वर्ग हसला, आणि मी तिला व्हरांड्यात बसवलं.

सुट्टीत पाहतो तर ती बालवाडीच्या सतरंजीवर लहान मुलांच्या ओळीत झोपलेली, तोंड उघडं. बाईंचा पालथा हात तिच्या नाकाशी. मी बोलणार, तोच त्यांनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं.

मुलीचं घोरणं बंद पडलं. छाती वरखाली होत होती, पण श्वास येत नव्हता. मग हुंदक्यासारखी एक ओढ आली आणि तिनं कूस बदलली.

"गुरुजी, पोरगी आळशी न्हाय," बाई हळूच म्हणाल्या. "रातभर दमासंगं झटती, आणि सकाळी तुम्ही तिला वाचाय लावताय."

ती घोरते हे मला ठाऊक होतं. बापावर गेली आहे, असं मीच चारचौघांत सांगायचो.

डॉक्टरांनी नाकामागची वाढलेली गाठ आणि टॉन्सिल्स दाखवले. बाहेर बाकावर याच तक्रारीची आणखी मुलं बसली होती, त्यात मिसरूड फुटलेला एकजणही.

"इतकी मुलं?" मी विचारलं.

"घोरणारी पुष्कळ असतात. सगळ्यांनाच आजार नसतो," डॉक्टर म्हणाले. "पण ज्यांना असतो, त्यांच्या घरच्यांना तो आजार वाटतच नाही."

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी वाचनाच्या तासाला मुलगी शेवटपर्यंत जागी राहिली, आणि धडा अजिबात आवडला नाही असं तिनं मला स्पष्ट सांगितलं. इतकी गोड टीका मी आयुष्यात ऐकलेली नाही.

बाई या हिवाळ्यात गेल्या. हे लिहिण्याआधी मी त्यांचा फोटो शोधला. बालवाडीच्या सगळ्या फोटोंत त्या कुणावर तरी वाकलेल्या आहेत; चेहरा एकातही नाही.

मी आता मुख्याध्यापक आहे. यंदा प्रवेशाच्या अर्जाच्या तळाशी मी हातानं एक ओळ वाढवली: 'मूल झोपेत रोज घोरते का?' गेल्या आठवड्यात गडमुडशिंगीहून इकडे राहायला आलेल्या एका वडिलांनी त्यापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'होय. पैलवानासारखी.' आणि अभिमानानं अर्ज माझ्याकडे सरकवला. त्यांच्या खांद्यावर मुलगी झोपली होती, तोंड उघडं.

मी खुर्चीवरून उठलो आणि तिच्या नाकाशी हात पालथा धरला.

"पावणं," मी म्हणालो, "जरा बसा."