उजव्या हातातल्या बांगड्या

दादाचा फोन आला तेव्हा मी अड्याळच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. वहिनीसाठीच. खाणं तिचं केव्हाच सुटलं होतं, पण शेंगा शिजताना जो वास सुटतो तो तिला फार आवडायचा, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी पिशवीभर शेंगा घेऊन वरठीला माहेरी जायचे. दादा फोनवर फक्त "ये" म्हणाला. पुढे काही नाही. मी "बरं" म्हणाले आणि कशी कोण जाणे, शेंगा निवडतच राहिले. भाजीवालीनं विचारलं, "काहून रडून राहिल्या मॅडम?" तेव्हा मला कळलं की मी रडते आहे. शेंगा घेतल्या मी. कोणासाठी घेतल्या ते मात्र सांगता यायचं नाही.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, दिघोरीची. धानाच्या बांधांवर वाढलेली, उन्हानं रापलेली, हसली की डोळे पार मिटून जायचे. नर्सिंगचं शिक्षण घेऊन आमच्या घरात आली आणि तालुक्याच्या रुग्णालयात बाळंतपणाच्या खोलीत नोकरीला लागली. दादा कारखान्यात. सकाळी एकाच मोटरसायकलवर दोघं निघायची, आणि निघण्याआधी वहिनी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून ठेवायची. डाव्या तशाच. पुढे पुढे तर रोज काढघाल करायचाही तिला कंटाळा आला. बांगड्या खुंटीवरच राहू लागल्या आणि फक्त लग्नाकार्याला, हळदीकुंकवाला हातात चढायच्या. आईला हे अजिबात खपायचं नाही. सवाशीण बाईचा हात असा भुंडा! चार बायकांत आई तिला टोमणे मारायची. वहिनी कधी चिडली नाही. "आई, तिकडं त्या बाईले आधीच दुखून राहिलं असते. मी तपासाले हात पुढं करीन तं त्यात ह्या बांगड्यांचा खणखणाट कायले?" एवढंच म्हणायची आणि कणीक मळायला लागायची. तेव्हा मला ते थोडं अतीच वाटायचं. खरं सांगायचं तर मी आईच्या बाजूची होते.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायला हवं होतं. पण सासरच्यांनी मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा हट्ट धरला. तिथं मी दिवसभर कळा देत होते आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी नवीनच माणूस यायचं. चादर वर करायचं, पाय बाजूला घ्या म्हणायचं, आतून तपासायचं आणि किती उघडलं ते शेजारच्याला सांगायचं. मला नाही, शेजारच्याला. मी म्हणजे जणू धर्मशाळेची खोली होते, येईल त्यानं दार लोटून डोकवावं. मुलगी ठणठणीत झाली, पेढे वाटले गेले. मी मात्र पुढे कित्येक दिवस न्हाणीत जाऊन रडायचे आणि कुणी विचारलंच तर डोळ्यांत साबण गेला म्हणायचे. मुलगी चांगली, आई चांगली, मग रडायला झालं काय, असं मीच स्वतःला विचारायचे.

सांगितलं ते फक्त वहिनीला. तोवर ती मला नणंद म्हणून "मंदाबाई, तुमी" असंच बोलायची. त्या दिवशी माझ्या मुलीला मांडीवर थोपटत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकानं तरी तुले विचारलं का, पाहू का म्हणून?"

"नाही."

"अन् तू?"

"मी गप्प होते. काय बोलणार?"

"गप राहनं म्हंजे हाव नसते वं मंदा," ती म्हणाली. हाव म्हणजे आमच्याकडचं 'हो'. त्यानंतर 'तुमी' गेलं ते गेलंच.

दुसऱ्या वेळी मी हट्टानं माहेरी आले. वहिनीच्याच रुग्णालयात नाव घातलं. नववा महिना, शेवटच्या तपासण्या चालल्या होत्या. तिथल्या डॉक्टर मॅडम, स्वभावानं फार प्रेमळ, बोलता बोलता हातमोजे चढवायला लागल्या तशी मी टेबलाची कड घट्ट धरली. वहिनीनं ते पाहिलं असावं. "मॅडम, आज आतून पाहायचं काही खास आहे का?" तिनं साधेपणानं विचारलं. मॅडम हसल्या, "नाही गं, तशी गरज काहीच नाही. सवयीनं हात गेला," म्हणाल्या आणि हातमोजे ठेवून दिले. परतीच्या वाटेवर मी वहिनीला छेडलं, "म्हणजे गरज नसतेच ना? मग आता कळा आल्या तरी मी कुणाला हात लावू द्यायची नाही."

"तसं नाही वं," ती म्हणाली. "कळा नाही, काही तकलीफ नाही, मंग आतून पाहून बाळ कधी येते ते समजत नाही. आज गर्भपिशवीचं तोंड बंद असलं तरी उद्या कळा येऊ शकतात, अन् थोडं उघडलेली बाई दोन हप्ते घरी फिरून राहते. पण कळा लागल्यावर गोष्ट येगळी. तवा मधी मधी पाहाच लागते. कायले पाहून राहिलो ते पहिले सांगाव, तिनं हाव म्हटलं तं पाहाव. तपासनं वाईट नसते. न विचारता तपासनं वाईट."

मला ते पटलं, पण भीती पटण्यानं जात नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिला आधीच सांगून टाकलं, आतून नको. "बरं," ती म्हणाली. ना तोंड वाकडं केलं, ना घाबरवलं. व्हरांड्यात मला फिरवत राहिली, पाठीवर मुठीनं दाबत राहिली, पुन्हा पुन्हा पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकत राहिली. मधेच एकदा विचारलं, आता पाहू का? मी मान हलवली, नाही. पुन्हा "बरं." दुपार कलली. आणि मग ठोके ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. मला डाव्या कुशीवर वळवलं, मॅडमना हाक मारली, आणि माझ्या पायांकडे न जाता ती उशाशी आली. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "मंदा, बाळाचे ठोके कमी होऊन राहिले. बाळ कुठवर आलं ते मले आता पाहा लागते. पाहू?" तेवढ्यात मोठी कळ आली. मला शब्द फुटेना. तिचा बिनबांगड्यांचा हात हातमोज्यात तयार होता, पण ती थांबली. त्याही वेळी थांबली... कळ ओसरली आणि मी "हाव" म्हणाले. सासरी राहून सुटलेला शब्द नेमका त्या वेळी तोंडात आला.

दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तो हात माझ्या ओळखीचा होता. "दाराशीच आहे बाळ, आता लाव जोर," ती म्हणाली. मॅडम धावत आल्या, आणि माझा मुलगा रडतच या जगात आला. त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडायची वेळ माझ्यावर आली नाही. मी सगळ्यांसमोर रडले, वहिनीच्या गळ्यात पडून.

मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. गावोगावच्या बायकांना ती सांगायची, अंगावरून अवेळी जात असेल तर तपासून घ्या, ही तपासणी टाळू नका. आणि स्वतःचं मात्र, वय झालं आता, असंच असते, म्हणून अंगावर काढलं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आयुष्यभर ज्या जागेची तिनं एवढी अदब राखली, तिथंच तो बसला होता. शहरातल्या दवाखान्यात पहिल्या तपासणीच्या वेळी तिनं माझं मनगट पकडलं. "मले भेव लागून राहिलं मंदा. त्याहिले सांगजो, पहिले विचारा मनावं." माझी वहिनी, आणि तिला भीती! डॉक्टर वयानं लहान होता. मी सांगितलं तसा तो तिच्या उशाशी आला, "काकू, तपासू का?" म्हणाला. ती माझ्याकडे पाहून डोळे मिटून हसली आणि म्हणाली, "हाव." पुढे दर वेळी मी हेच सांगत राहिले. काही जण विचारायचे, काही वैतागायचे. वैतागोत. शेवटी शेवटी तर तिचा आवाजच गेला, तेव्हा मी प्रत्येकाला तिच्या मान हलण्याची वाट पाहायला लावली. वाचवू शकले नाही तिला. एवढंच जमलं.

त्या शनिवारी मी पोचले तेव्हा बायका तिला आंघोळ घालून नवी साडी नेसवत होत्या. डावा हात भरलेला होता. आई खुंटीवरच्या बांगड्या घेऊन आली. रडत होती. "जल्मभर एक हात भुंडा घेऊन फिरली माही सून, आता तरी दोनी हात भरून जाऊ दे तिले." तिनं वहिनीचा उजवा हात हातात घेतला.

"थांब आई," मी म्हणाले. वहिनीच्या उशाशी बसले. माझं तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. "वहिनी, घालू का बांगड्या?" आणि थांबले. ती थांबायची तशी.

"काय करून राहिली वं तू?" आई म्हणाली.

"ती काही बोलली नाही, आई. गप राहणं म्हणजे हाव नसते."

आईनं वहिनीचा हात सोडला. मग स्वतःच उठली आणि बांगड्या पुन्हा खुंटीला अडकवून आली. वहिनी तिचा मोकळा हात घेऊन गेली.

मी अजूनही शनिवारी जाते. शेंगा शिजवते. गेल्या खेपेला दादानं घर रंगवायला काढलं होतं. स्वयंपाकघराची भिंत करताना रंगारी बांगड्या काढायला लागला तसा दादा बाहेरून धावत आला.

"राहू दे तिथंच," तो म्हणाला. "तिले विचारलं नाही अजून."