चावी कोणी सोडली?

ते प्रकरण आठवलं की या वयातही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एक गरीब मेला म्हणून दुसऱ्या गरिबाला फासाकडे ढकलायची इतकी घाई पुन्हा पाहिली नाही.

साल एकोणीसशे तिसाच्या पुढचं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. शेजारच्या गावात एक शेठ भाताची गिरणी उभारत होते. तिचा बॉयलर मुंबईहून मचव्यातून आला आणि तो चौथऱ्यावर बसवण्याचं काम सुरू झालं. मी दुसऱ्या गावच्या जत्रेच्या बंदोबस्तावरून परतलो तेव्हा एक मजूर त्या बॉयलरखाली चिरडून मेला होता आणि त्याचा सोबती आमच्या कोठडीत होता. जमादार खुशीत होते. आरोपीनं गुन्हा कबूल केला, उद्या अलिबागला मॅजिस्ट्रेटपुढे जबाब नोंदवला की खुनाचा खटला पक्का, असं त्यांनी मला सांगितलं.

इथे त्या कामाची रीत सांगायला हवी. बॉयलर उचलायला पाण्याचे जॅक होते. दांडा मारला की आतलं पाणी दाबलं जातं आणि दोन माणसांच्या बळावर ते प्रचंड धूड वर चढतं. उतरवताना मात्र बळ लागत नाही. जॅकची चावी फिरवली की पाण्याला वाट मिळते, बॉयलरचं वजनच पाण्याला मागे हाकलतं आणि धूड आपोआप खाली येतं. चावी जास्त उघडली तर ते धाडकन येतं. म्हणून बॉयलरखाली लाकडी ठोकळ्यांची चवड ठेवायची, एकेक थर काढायचा आणि तेवढंच उतरवायचं. मग चावी हुकली तरी बॉयलर ठोकळ्यावर टेकतो, माणूस वाचतो. त्या दिवशी ठोकळे सगळेच काढलेले होते आणि मेलेला मजूर चौथऱ्यावरचा चुना साफ करायला खाली शिरला होता.

आरोपी मिठागरावरचा आगरी. जॅकच्या चावीवर त्यालाच उभं केलेलं. गिरणीच्या फिटरनं जबाब दिला होता की मासळीच्या जाळ्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, यानं डाव साधून चावी उघडली आणि पळाला. आरोपीला विचारावं तर तो भिंतीकडे तोंड करून एकच बोले, "चावी मीच सोरली. माज्यामुलंच मेला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागची तयारी चालू असताना मेलेल्या माणसाची बायको ठाण्यात आली. मला वाटलं, आरोपीला शिव्याशाप द्यायला आली असेल. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "सायेब, त्याला सोरा. बॉयलर परला तवा तो माज्या दारात होता."

मी विचारलं, आजवर का बोलली नाहीस?

"मना कोनी इचारलाच न्हाय."

तिनं सांगितलं ते असं. हा माणूस धावत तिच्या दारी आला होता. ठोकळे काढलेत, तुझा नवरा खालून निघत नाही, माझं ऐकत नाही, कामावरून काढतील म्हणून भितो, तू चल आणि त्याला बाहेर ओढ, असं तो म्हणाला. ती चुलीवरचं तसंच टाकून निघाली आणि उंबऱ्यातच दोघांनी तो आवाज ऐकला.

मी कोठडीत गेलो. चावी सोडली म्हणजे नेमकं काय केलंस, असं विचारलं. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "हातान्शी सोरली नि गेलो. मी तितंच ऱ्हायलो असतो तं दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नसता."

आमचे जमादार घाटावरचे. नळ सोडला म्हणजे उघडला, तसं त्यांनी चावी सोडली म्हणजे उघडली असं लिहून घेतलं. माणूस आपल्या सोबत्यासाठी रडत होता आणि आम्ही त्या रडण्याला कबुली म्हणत होतो. पुन्हा एक प्रश्न विचारायला काय मोल पडलं असतं?

नुसत्या बाईच्या शब्दावर वरचे साहेब थांबणार नव्हते. मुद्देमाल म्हणून तो जॅक ठाण्याच्या पडवीत होता, जागेवरून जसाच्या तसा उचलून लाखेचं सील लावलेला. मी पंचांसमोर सील तोडलं आणि चावी फिरवून पाहिली. ती घट्ट बंद होती. मी फिटरला बोलावून घेतलं. आरोपी चावी उघडून पळाला, त्यानंतर जॅकला कुणी हात लावला का, असं विचारलं. तो ठामपणे नाही म्हणाला. मी त्याचा हात धरून चावीवर ठेवला.

"मग ही बंद कुणी केली?"

तो जॅकजवळच खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दुपारचा होता, एकेक थर काढत बसलो तर मुहूर्त टळेल म्हणून शेठनी ठोकळे एकदम काढायला लावले, चावीवरचा माणूस निघून गेल्यावर फिटरनं स्वतः ती उघडली, ती जास्त उघडली गेली, आणि बंद करेपर्यंत बॉयलर खाली आला होता. दोष मात्र निघून गेलेल्या माणसावर लोटणं सोपं होतं.

आरोपी सुटला. निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याबद्दल फिटरला शिक्षा झाली. शेठच्या हुकमाला साक्षीदार फिटर एकटाच, आणि कोर्टात त्याला तो हुकूम आठवेना. शेठ मात्र सुनावणीच्या दिवशी कोर्टात पुढच्या खुर्चीवर बसून होते. मला आजही त्याची चीड येते. त्यानंतर अपघाताच्या प्रत्येक तपासात मी पहिला प्रश्न विचारला तो हुकूम कुणाचा होता हा. पुष्कळदा उत्तर मिळालं, पुराव्यात मात्र ते क्वचितच टिकलं.

निकालानंतर ती बाई कोर्टाच्या पायरीवर उभी होती. फिटरला किती शिक्षा झाली, हे मी तिला सांगू लागलो. तिनं ते ऐकून घेतलं नाही.

"त्यांचा मुहूर्त तं हुकला ना, सायेब?"

दुसऱ्या जॅकांनी बॉयलर उचलून प्रेत काढलं, ते गाडीवर घालून नेल्यावर त्याच दुपारी चौथरा धुऊन त्यांनी बॉयलर पेटवला होता. मी खोटं बोलू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "साधला त्यांनी."