न्यासिम्बेयेचं ‘जवळच’

ट्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि आमच्या नाक्यावर रस्ता संपतो. पुढे टेकड्या. इकडे मलावी, टेकड्यांपलीकडे टांझानिया. नाक्यावर दुकान एकच. त्याच्या ओसरीच्या एका टोकाला माझं शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला न्यासिम्बेयेची कढई. मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, ती तेवीस वर्षं तळते आहे. मी शिवलेल्या प्रत्येक सदऱ्याला त्याचा वास येतो.

ट्रकमधून उतरलेला परका माणूस आधी तिच्याकडेच जायचा. सल्ला फुकट मिळायचा. “गावात शिरलास की आधी गावप्रमुखाकडे जा. गुडघा टेक, टाळी वाजव, मग काम सांग. लांबूनच ओरडलास तर पाणीसुद्धा मिळणार नाही. ओढ्याचं पाणी उकळून पी. आणि सुटे पैसे ठेव, डोंगरात तुझ्या मोठ्या नोटेला कोणी विचारत नाही.” सगळं खरं. फक्त गाव किती लांब, असं विचारलं की बाई बेधडक म्हणायची, “जवळच आहे.”

एकट्या तिला कशाला बोल लावू? आम्ही सगळेच तसं म्हणतो. चालणाऱ्याला ‘लांब’ म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्यावर धोंडा ठेवणं. चिसेंगो गाव तीन टेकड्या आणि एक नदी ओलांडून सात तासांवर आहे. तेही जवळच.

त्या चिसेंगोत दवाखाना झाला. पहिली नर्स ‘जवळच’ ऐकून भर दुपारी चपलांवर निघाली. अंधारात पोचली तेव्हा पायांची सालटी निघाली होती. पुढच्या ट्रकने परत गेली. दुसरी नदीवरूनच माघारी फिरली आणि ओसरीसमोर थांबून म्हणाली, “खोटारडे आहात तुम्ही लोक!” न्यासिम्बेयेने मान वर केली नाही. तिची लेक एलिना चिसेंगोत दिलेली. त्याच पावसाळ्यात एलिनाचं पहिलं बाळ जन्मताना गेलं. हाताशी जाणतं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी एलिनाला पुन्हा दिवस गेले आणि तिसरी नर्स आली. तियामिके, दक्षिणेकडची, शहरातली. हातात चाकांची गुलाबी पेटी.

“आजी, चिसेंगो किती लांब?”

मी यंत्र थांबवलं. न्यासिम्बेयेने झारा खाली ठेवला.

“लांब आहे, पोरी.”

माझं डोकंच फिरलं. “अगं, वेड लागलं का तुला? हीसुद्धा पळेल!”

“तू तुझी सुई सांभाळ, योतामु.” आणि त्या मुलीला म्हणाली, “सात तास लागतात. आज निघू नकोस. माझ्याकडे झोप, पहाटे निघ. पेटी इथंच राहू दे, सामान गाठोड्यात बांध. नदीवर पूल नाही, ओंडका आहे. खाली बघू नकोस. दुसऱ्या टेकडीवर रडू येईल. रड, पण बसू नकोस. तिसरीवरून एक पत्रा चमकताना दिसेल. तो तुझा दवाखाना.”

मुलगी पेटीवरच बसली. ट्रक वळवून ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आता ही उठणार आणि चढणार, असं मला वाटलं. मग एलिनाजवळ या वेळीही जाणतं कोणी नसणार.

“परत यायलाही सातच?” तिने विचारलं.

“सातच. उतार आहे म्हणून काही कमी होत नाहीत.”

ती हसली. मग माझ्याकडे वळली. “शिंपीदादा, गाठोड्याला पट्टे शिवून द्याल?”

ट्रक गेला तेव्हा मी पट्टे शिवत होतो. दुसऱ्या दिवशी तेवीस वर्षांत पहिल्यांदा कढई चढली नाही. न्यासिम्बेये तिला नदीपार सोडायला गेली होती.

मार्चमध्ये एलिनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परवाच्या शुक्रवारी औषधं न्यायला तियामिके खाली आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. ट्रकमधून शाळा तपासायला आलेले एक साहेब उतरले, चकचकीत बूट घालून. त्यांनी तिलाच विचारलं, “बाई, चिसेंगो किती लांब?”

तिने त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

“जवळच आहे,” ती म्हणाली. “पण आज आजीकडे झोपा. पहाटे मीच नेते तुम्हाला.”

न्यासिम्बेये इतकी हसली की कमरेच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसावे लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “योतामु, ती गुलाबी पेटी विकून टाक. ही आता कुठं जात नाही.”