खैराची चाळीस रोपं

कुंदाताईंबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षाच. चार पावलं झाली की ओरडायच्या, "पाय उचल गो! किंजळ आहे तिथे!" खाली बघावं तर बोटाच्या पेराएवढा कोंब. मला मेले सगळे कोंब सारखेच दिसायचे. त्या मात्र तिथेच उकिडव्या बसून पान चुरडून हुंगायच्या, जिभेला लावायच्या. "आंबट? मग रातांबा. फणसाचं पान बघ, पोरवयात कातरलेलं. पोरांचं तोंड आईबापासारखं असेलच असं नाही गो."

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. चहासुद्धा उभ्यानेच प्यायच्या. वादळात आमच्या देवराईतली जुनी झाडं पडली, तेव्हा गावाने ठरवलं, तिथे कुंदाताई देतील तीच रोपं लावायची. त्यांना कोण घाई! "त्या विलायती अकेशियाने सगळा कातळसडा खाल्लान. देवाच्या दारात तरी आपलं झाड नको?"

त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. पुण्याहून मुलगा रोज फोन करी, "आई, दिसत नाही तर इकडे ये." त्या फोन माझ्या हातात कोंबायच्या. "सांग त्याला, मी कामात आहे."

आषाढात सड्याच्या कडेला त्यांना चाळीस कोंब सापडले. "खैर गो, खैर! चिंचेसारखी बारीक पानं बघ." लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. मी पिशव्यांत रोपं भरत होते. एका मुळाशी फुटकं बी चिकटलेलं होतं आणि त्याला भगवा दोरा. असा दोरा अकेशियाच्या बीला असतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. अकेशियाही लहानपणी तशीच बारीक पानं काढतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आता ह्यांना काय सांगू? ते बी मी नखाने चिखलात उडवून दिलं. जळलं माझं शहाणपण!

श्रावणात रोपं देवराईत लागली. पुढचा महिनाभर मला धड झोप नव्हती. गणपती गेल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "चल, माझी पोरं बघून येऊ." तिथे वाकून त्यांनी एका रोपावरून हात फिरवला. बारीक पानं संपून वर लांब, जाड, चपटी पानं आली होती, अकेशियाची. गुडघे चिखलात टेकून एकेक रोप उपटायला लागल्या. मीही उपटू लागले.

"गावाला काय तोंड दाखवू? डोळे गेले गो माझे," त्या पुटपुटल्या. मला राहवेना.

"ताई, मला तेव्हाच कळलं होतं. बी दिसलं होतं."

त्यांचा हात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मेले, माझे डोळे गेलेत ते काय मला ठाऊक नव्हतं? म्हणून तर तुला बरोबर नेत होते."

उरलेली रोपं त्यांनी मला उपटू दिली नाहीत, एकटीनेच उपटली.

दिवाळीआधी मुलगा गाडी घेऊन आला. त्यांनीच त्याला बोलावलं होतं. मी हात धरला, "ताई, नका ना जाऊ. आणखी एक पावसाळा तरी थांबा."

"कोणाच्या भरवशावर गो?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, अगदी खरंच विचारावं तसं.

मी त्यांची पिशवी गाडीत ठेवली.